आधी जोडणारी, शेवटी सुटणारी

संगमनेरच्या साखर कारखान्यात, दूध संघाच्या प्रकल्पात, औद्योगिक वसाहतीत किंवा महावितरणच्या उपकेंद्रात, जिथे जिथे ११ केव्हीची पॅनल खोलीत बसवलेली आहेत, तिथे एक काम ठरावीक काळाने करावंच लागतं. ब्रेकर बाहेर काढायचा, पुसायचा, तपासायचा आणि परत आत सारायचा. पॅनलचा दरवाजा उघडला की आत लोखंडी चौकटीवर, चाकांवर बसलेला ब्रेकर दिसतो. कामगार त्याला ट्रॉली म्हणतात, काही ठिकाणी ट्रक म्हणतात. हँडल लावून फिरवलं की ही सगळी ट्रॉली टेबलाच्या खणासारखी पुढे सरकते आणि तिचे सहा जाड संपर्क मागच्या बसबारपासून आणि केबलपासून सुटतात. वजन एका माणसाला उचलण्यापलीकडचं. शेजारच्याच कप्प्यात मात्र ११,००० व्होल्ट तसेच उभे असतात, कारण एका फीडरचा ब्रेकर काढायचा म्हणून सगळं उपकेंद्र कोणी बंद करत नाही.

पॅनलच्या कायम बसलेल्या भागाची अर्थिंग समजायला सोपी आहे. पत्र्याची चौकट बोल्टने तांब्याच्या अर्थ बसला जोडलेली, अर्थ बस दोन्ही टोकांनी जीआय पट्टीला आणि पट्टी जमिनीतल्या जाळीला. एकदा घट्ट केलं की ते हलत नाही. पण जी वस्तू मुळात हलण्यासाठीच बनवली आहे, तिच्या अंगाची अर्थिंग कशी करायची? तिला बोल्ट मारता येत नाही. लवचिक तार जोडून ठेवली तर प्रत्येक वेळी ती सोडायची आणि लावायची आठवण माणसाने ठेवायची, आणि माणूस विसरतो. म्हणून ही जोडणी ट्रॉलीच्या हालचालीतच बांधलेली असते. या लेखाचा विषय ती जोडणी. पॅनलमधला हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे असं माझं मत आहे.

आधी वीज कुठून येते ते थोडक्यात. प्रवरेच्या उगमाकडे भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं आणि त्याच्या पायथ्याशी आज वीजनिर्मिती होते. राहाता तालुक्यात बाभळेश्वरला महापारेषणचं ४०० केव्हीचं मोठं उपकेंद्र आहे. तिथून दाब टप्प्याटप्प्याने उतरत गावोगावच्या ३३/११ केव्ही उपकेंद्रांत येतो आणि ११ केव्हीच्या फीडरवरून शेतीपंपांना, गावांना, कारखान्यांना जातो. अशा उपकेंद्रात नेहमी आढळणारा ट्रान्सफॉर्मर ५ एमव्हीएचा. ११ केव्हीच्या बाजूला त्याचा पूर्ण भाराचा प्रवाह होतो २६२ अँपिअर. त्याचा इम्पीडन्स ७ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून ११ केव्हीच्या बसवर सरळ शॉर्ट झालं तर साधारण ३,७०० अँपिअर वाहतात. दोन ट्रान्सफॉर्मर समांतर असतील तर जवळजवळ दुप्पट. पॅनल मात्र पुष्कळदा २५,००० अँपिअर ३ सेकंद सोसण्याच्या हिशेबाने बनवलेलं असतं. हे आकडे ध्यानात ठेवा, ते पुढे लागणार आहेत.

आता ट्रॉलीच्या अंगावर वीज येते कशी, ते पाहू. ब्रेकरच्या प्रवाह तोडणाऱ्या व्हॅक्यूम बाटल्या ट्रॉलीच्या चौकटीवर इन्सुलेटरने उभ्या केलेल्या असतात. इन्सुलेटरवर धूळ आणि दमटपणा साचून त्याच्या पृष्ठभागावरून ठिणगी गेली, त्याला तडा गेला किंवा मागे कोणी पाना विसरला, तर फेज सरळ चौकटीला भिडतो. फेजपासून जमिनीपर्यंतचा दाब ६,३५० व्होल्ट. चौकट अर्थला नीट जोडलेली असेल तर प्रवाह चौकटीतून अर्थ बसमध्ये, तिथून जाळीत आणि जाळीतून ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला परत जातो. रिलेला तो दिसतो आणि इनकमर, म्हणजे बसला वीज देणारा मुख्य ब्रेकर, ट्रिप होतो. जोडलेली नसेल तर चौकट ६,३५० व्होल्टवर तशीच उभी राहते आणि समोर हँडल धरून माणूस उभा असतो.

काहीच बिघडलेलं नसतानाही सुटी चौकट निर्धोक नसते. जिवंत वाहकाच्या जवळ असलेल्या सुट्या धातूवर हवेतून दाब चढतो, कारण वाहक आणि चौकट मिळून एक लहान कपॅसिटर होतो, चौकट आणि जमीन मिळून दुसरा. समजा पहिला २० पिकोफॅरडचा आणि दुसरा १०० पिकोफॅरडचा आहे. मग ६,३५० व्होल्टचा सहावा भाग, म्हणजे हजार व्होल्टच्या वर, चौकटीवर दिसतो. त्यामागे ताकद फार नसते, पण झटका बसून हात मागे जातो, कोपर दरवाज्यावर आपटतं, माणूस तोल जाऊन पडतो. चाकं लोखंडी आहेत आणि लोखंडी रुळावर आहेत, मग अर्थ मिळतेच की, असं म्हणणारे भेटतात. चाकाच्या आसात ग्रीस असतं, रुळावर रंग असतो, चाक रुळाला एका रेषेत जेमतेम टेकतं. बल्ब लावून पाहिलं तर तो कदाचित पेटेलही. हजारो अँपिअर त्यातून जाणार नाहीत.

आता हँडल फिरवून पाहू. ब्रेकर आधी ऑफ करायचा, कारण तो ऑन असताना हँडल बसतच नाही. ते इंटरलॉकने अडवलेलं असतं. ऑफ केल्यावर हँडल फिरू लागतं आणि ट्रॉली सर्व्हिस पोझिशनमधून टेस्ट पोझिशनकडे निघते. अंतर असतं वीतभर. त्या वीतभर प्रवासात ठरलेल्या क्रमाने बऱ्याच गोष्टी घडतात. प्रथम मुख्य संपर्क सुटतात, म्हणजे ट्रॉलीच्या भुजांवरच्या स्प्रिंगदार पाकळ्या मागच्या जाड तांब्याच्या खुंट्यांवरून घसरून मोकळ्या होतात. मग मागचे शटर पडतात आणि जिवंत खुंट्या झाकल्या जातात. टेस्ट पोझिशनला येईपर्यंत कंट्रोलचा प्लग लागलेलाच असतो, म्हणून ब्रेकर ऑन-ऑफ करून पाहता येतो, स्प्रिंग चार्ज करणारी मोटर चालते. या सगळ्या वेळात, सर्व्हिसपासून टेस्टपर्यंत आणि मधल्या प्रत्येक मिलिमीटरवर, ट्रॉलीची चौकट अर्थला जोडलेली राहिली पाहिजे. आत ढकलताना सर्वांत आधी अर्थचा संपर्क लागला पाहिजे, त्यानंतरच मुख्य संपर्क. बाहेर काढताना मुख्य संपर्क सुटून गेल्यावर, अगदी शेवटी, अर्थ सुटली पाहिजे. मेटल-एन्क्लोज्ड स्विचगिअरच्या मानकात, आयईसी ६२२७१-२०० मध्ये, हे स्पष्ट लिहिलेलं आहे आणि आपलं भारतीय मानकही आता त्यालाच धरून आहे.

हे साधण्याची युक्ती साधी असते. ट्रॉलीच्या तळाशी किंवा बाजूला तांब्याच्या दोन-चार पाकळ्या स्प्रिंगने दाबून बसवलेल्या असतात. पॅनलच्या बाजूला, त्याच उंचीवर, तांब्याची एक लांब पट्टी अर्थ बसला बोल्ट केलेली असते. पट्टीचं पुढचं टोक निमुळतं केलेलं असतं, म्हणजे पाकळ्या अडखळत नाहीत, हळूच चढतात. सगळी करामत पट्टीच्या लांबीत आहे. ती मुख्य संपर्कांच्या प्रवासापेक्षा लांब असते, म्हणून पाकळ्या पट्टीवर आधी चढतात आणि शेवटी उतरतात. कुठलाही रिले नाही, कॉइल नाही, स्विच नाही. पाकळी पट्टीवर घासत जाते आणि घासता घासता स्वतःची जागा थोडी साफही करते. काही बनावटींत पट्टीऐवजी कॅसेटच्या बाजूच्या रुळांवरच हा संपर्क दिलेला असतो, तत्त्व तेच.

पट्टी किती जाड हवी, हे अंदाजाने ठरत नाही. अर्थिंगची भारतीय संहिता आयएस ३०४३ मध्ये कोष्टक आहे. उघड्या तांब्यातून ३ सेकंदांसाठी दर चौरस मिलिमीटरला ११८ अँपिअर चालतात, पोलादातून ४६. म्हणजे २५,००० अँपिअरला तांबं हवं साधारण २१२ चौरस मिलिमीटर. ४० बाय ६ची पट्टी घेतली की २४० मिळतात, काम झालं. जीआय पट्टी असेल तर ५४३ चौरस मिलिमीटर लागतात, म्हणजे ७५ बाय ८ घ्यावी लागते. आता याच्या शेजारी कंट्रोल केबलमधली अर्थची तार ठेवून पाहा. ती बहुधा १.५ चौरस मिलिमीटरची. ट्रॉलीचा अर्थ संपर्क तुटलेला असेल आणि कंट्रोल प्लगमधून ही तार चौकटीला लागलेली असेल, तर मीटर सातत्य दाखवतो, बझर वाजतो, सगळं ठीक वाटतं. प्रत्यक्षात ३,७०० अँपिअर आले तर ही तार सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत आपली मर्यादा ओलांडते आणि लगेच वितळते. बझरवर विसंबू नये, असं मी जो भेटेल त्याला सांगतो, ते यासाठी.

संपर्काचा विरोध किती असावा, याचा हिशेब कागदावर करून पाहण्यासारखा आहे. चांगला दाबलेला तांब्यावर तांब्याचा संपर्क १०० मायक्रोओहमच्या आसपास किंवा त्याखाली असतो. त्यातून ३,७०० अँपिअर गेले तर दोन टोकांत ०.३७ व्होल्ट पडतात. हात लावलेल्या माणसाला काही कळणारही नाही. उष्णता निर्माण होते १.४ किलोवॉट, तीही क्षणभर. आता तोच संपर्क मळकट, ढिला आणि ०.१ ओहमचा झालाय असं धरा. दाब होतो ३७० व्होल्ट, माणूस मारायला पुरेसा. आणि त्या एका ठिपक्यावर १,३०० किलोवॉटच्या वर उष्णता पेटते. पाकळी क्षणात जळते, संपर्क तुटतो आणि चौकट पुन्हा ६,३५० व्होल्टवर जाते. मानकातल्या चाचणीत ३० अँपिअर डीसी सोडून ३ व्होल्टपेक्षा कमी दाब पडला पाहिजे, असं म्हटलेलं आहे. तोही हिशेब ०.१ ओहमचाच येतो. ती पॅनलच्या दरवाज्यांसारख्या सगळ्या भागांना लागू असलेली अगदी बाहेरची हद्द झाली. ट्रॉलीच्या मुख्य अर्थ संपर्काने त्या हद्दीजवळसुद्धा फिरकू नये.

ही पॅनल आपल्यापासून फार दूर बनत नाहीत. नाशिकला सीजी पॉवर आणि एबीबी यांचे स्विचगिअरचे कारखाने आहेत. अहिल्यानगरच्या एमआयडीसीत लार्सन अँड टुब्रोने कमी दाबाच्या स्विचगिअरचा मोठा कारखाना उभारला. २०२०मध्ये कंपनीने हा सगळा विद्युत व्यवसाय श्नायडर इलेक्ट्रिकला विकला. नव्या नमुन्याच्या पॅनलची शॉर्टसर्किट चाचणी भोपाळच्या केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेसारख्या प्रयोगशाळेत होते. तिथे अर्थच्या मार्गातूनही पूर्ण प्रवाह सोडून पाहतात. थोडक्यात, कारखान्यातून निघताना हा संपर्क तावून सुलाखून निघालेला असतो. बिघडतो तो आपल्याकडे आल्यावर.

कसा बिघडतो? सर्वांत जास्त वेळा रंगाने. इमारतीची रंगरंगोटी होते, पॅनलला पुन्हा फवारा मारला जातो आणि रंग अर्थच्या पट्टीवर बसतो. दुसरं कारण ग्रीस. नियमाने लावायचं ग्रीस वाहक जातीचं आणि पातळ थरात. हाताला जे सापडेल ते बेअरिंगचं ग्रीस फासलं की काही महिन्यांत धूळ मिसळून त्याची खरवड होते. पाकळीची स्प्रिंग तुटते, आणि ती ट्रॉलीच्या पोटाखाली असल्यामुळे कोणाला दिसत नाही. फरशी खचते किंवा तळाचे चॅनल थोडे वाकतात. मग ट्रॉली आत जाते, मुख्य संपर्क बसतात, पण पाकळी पट्टीच्या बाजूने जाते, वर चढतच नाही. आणि एक फार धोक्याची गोष्ट म्हणजे एका पॅनलची ट्रॉली दुसऱ्यात घालणं. एकाच कंपनीच्या दोन नमुन्यांत मुख्य संपर्क जुळतात, पण अर्थची जागा बदललेली असू शकते. फीडर चालू होतो, शेतकऱ्यांचे फोन थांबतात आणि सुटलेली अर्थ तशीच महिनोन्‌महिने राहते.

साखर कारखान्यात याच्यात आणखी भर पडते. अमृतनगरच्या सहकारमहर्षी भाऊसाहेब थोरात सहकारी साखर कारखान्यासारख्या ठिकाणी गाळपाबरोबर सहवीजनिर्मितीही चालते, म्हणजे मोटरी, टर्बाइन आणि पॅनल यांची संख्या मोठी. पांढरी साखर करताना रस निवळण्यासाठी बहुतेक कारखाने गंधक जाळतात. गंधकाचा धूर, वाफ आणि बगॅसचा बारीक भुसा हे तिन्ही साखर कारखान्याच्या हवेतच असतं. पॅनलच्या खोल्या बंद ठेवल्या तरी काही ना काही आत शिरतंच. चांदीचा मुलामा काळा पडतो, तांब्यावर हिरवट थर येतो, जस्ताचा थर पांढरी पावडर होऊन गळतो. भुसा कोरडा असताना इन्सुलेटर असतो आणि ओला झाला की वाहक, म्हणजे अर्थच्या पाकळीखाली तो नको असतो आणि इन्सुलेटरच्या अंगावरही नको असतो. साधारण दिवाळीच्या सुमारास बॉयलर पेटतात आणि उन्हाळा चढू लागला की गाळप संपतं. त्यानंतरचे महिने दुरुस्तीचे. तेव्हा मोटरी उघडतात, बेअरिंग बदलतात, मिलचे रोलर काढतात. त्या यादीत ट्रॉलीच्या अर्थ पाकळ्यांना स्वतंत्र ओळ असली पाहिजे.

४१५ व्होल्टच्या बाजूला संख्या खूप आणि लक्ष कमी. एमसीसीमधले, म्हणजे मोटर कंट्रोल सेंटरमधले, मोटर स्टार्टरचे खण बाहेर ओढायचे असतात, एका कारखान्यात असे शेकडो. प्रत्येक खणाला स्क्रॅपिंग अर्थ नावाचा छोटा स्प्रिंगदार जिभेसारखा भाग असतो. खण आत गेला की ती जीभ उभ्या अर्थ पट्टीवर घासते. इथे फेजपासून जमिनीला २४० व्होल्ट. ११ केव्हीच्या मानाने कमी वाटतात, म्हणून लोक बेफिकीर राहतात. पण कामगार ११ केव्हीच्या ट्रॉलीला वर्षातून एक-दोनदाच हात लावतो आणि या खणांना पाळीगणिक लावतो. फ्यूज उडाला, ओव्हरलोड रिले सेट करायचाय, काँटॅक्टर चिकटलाय, खण ओढ. जीभ तुटलेली असेल आणि आतली तार खणाच्या पत्र्याला लागली असेल तर तो पत्रा २४० व्होल्टवर असतो. मागच्या पॅनलची अर्थ कितीही उत्तम असो, या खणापर्यंत ती पोहोचलेलीच नसते. मोठे एअर सर्किट ब्रेकरही बाहेर ओढण्याजोगेच असतात आणि त्यांच्या कॅसेटमध्ये हीच व्यवस्था असते.

पॅनलच्या वरच्या कप्प्यातला पीटी हे वेगळंच प्रकरण. ११ केव्हीचे ११० व्होल्ट करून मीटर आणि रिलेला देणारा हा छोटा ट्रान्सफॉर्मर पुष्कळ पॅनलमध्ये बाहेर ओढता येतो, कारण त्याचे एचटी फ्यूज बदलायचे असतात. तो बसपासून सुटला म्हणजे निर्जीव झाला असं वाटतं, पण वाइंडिंगवर आणि फ्यूजच्या टोकांवर विद्युतभार राहू शकतो. म्हणून चांगल्या बनावटीत खण बाहेर येत असतानाच फ्यूजची एचटी टोकं एका अर्थ केलेल्या पट्टीवर किंवा स्प्रिंगवर टेकून जातात आणि भार जमिनीत उतरतो. चौकटीची अर्थ वेगळी आणि ही वेगळी, दोन्ही हव्यात. दुसरा धोका उलट्या बाजूचा. पीटीचं प्रमाण १०० ला १. पीटी जागेवर असताना कोणी रिले तपासण्यासाठी सेकंडरीच्या तारांवर बाहेरून ११० व्होल्ट दिले आणि सेकंडरीचे फ्यूज काढायला विसरलं, तर प्रायमरीवर ११,००० व्होल्ट उभे राहतात. बंद केलेल्या, मेलेल्या मानलेल्या कप्प्यात. म्हणून आधी सेकंडरीचे फ्यूज काढून खिशात ठेवायचे किंवा एमसीबी कुलूपबंद करायचा, मग पीटीचा खण ओढायचा आणि फ्यूजला हात लावण्याआधी डिस्चार्ज रॉड टेकवायचा.

आतापर्यंत बोललो ते ट्रॉलीच्या अंगाच्या अर्थबद्दल. मुख्य सर्किटची अर्थ वेगळी आणि तिची गल्लत करू नये. फीडरच्या केबलवर काम करायचं असेल तर ट्रॉली टेस्ट पोझिशनला आणल्यावर पॅनलमधला अर्थ स्विच बंद करून केबलचे तिन्ही फेज जमिनीला बांधले जातात. ट्रॉली सर्व्हिसमध्ये असताना हा स्विच बंद होत नाही, आणि स्विच बंद असताना ट्रॉली आत जात नाही. दोन्ही बाजूंनी इंटरलॉक आहे आणि तो कधीही काढू नये. ११ केव्हीची मोठी एक्सएलपीई केबल दर किलोमीटरला साधारण ०.४ मायक्रोफॅरड असते. पुरवठा तुटला तरी तिच्यात भार अडकून राहतो. समोरच्या टोकाने कोणाचा जनरेटर किंवा दुसरा फीडर चुकून जोडला गेला तर ती पुन्हा जिवंतही होते. बसबारवर काम करायचं असेल तर काही ठिकाणी अर्थिंग ट्रॉली मिळते. ब्रेकरच्या जागी ती घालून बसच जमिनीला बांधतात. दिसायला ब्रेकरसारखीच असल्यामुळे तिच्यावर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलेलं असावं आणि ती वेगळ्या जागी ठेवलेली असावी.

ट्रॉली पूर्ण बाहेर, फरशीवर आली की पाकळी पट्टीवरून उतरलेली असते. आता तिला अर्थ उरत नाही. पुसण्यापुरतं हे चालतं, कारण मुख्य संपर्क मोकळे आहेत, कंट्रोलचा प्लगही काढलेला आहे. पण बाहेर आणलेल्या ब्रेकरची चाचणी करायची असेल तर गोष्ट बदलते. इन्सुलेशन तपासणारा ५ केव्हीचा मेगर लावला किंवा व्हॅक्यूम बाटली अजून धड आहे का हे पाहायला दाब दिला, तर चौकट परत भार धरते. १२ केव्ही वर्गाच्या नव्या ब्रेकरला कारखान्यात एक मिनिट २८ केव्ही दिलेले असतात. साइटवर उत्पादकाच्या पुस्तकात सांगितलेला कमी दाब देतात. अशा चाचणीत आधी किमान बोटाएवढी जाड लवचिक तांब्याची तार घेऊन तिचं एक टोक पॅनलच्या अर्थ बसला आणि दुसरं ट्रॉलीच्या चौकटीला, रंग नसलेल्या जागी, क्लॅम्पने आवळायचं. चाचणी संपल्यावर बाटलीच्या दोन्ही टोकांना आणि मधल्या शील्डला डिस्चार्ज रॉड टेकवायचा, कारण शील्डवर भार राहतो. उघड्या बाटलीवर उच्च दाब असताना थोडे क्ष-किरण निघू शकतात, म्हणून तिच्यापासून दोन-तीन मीटर लांब उभं राहायचं. कंट्रोलची लांब एक्स्टेन्शन केबल लावून ट्रॉली बाहेरच चालवून पाहायची असेल तर त्या केबलमध्ये अर्थची स्वतंत्र तार हवी आणि वर सांगितलेली जाड तारही हवीच.

अर्थच्या खड्ड्यांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण आपल्याकडे अर्थिंग म्हटलं की खड्डाच डोळ्यांपुढे येतो. प्रवरेच्या काठची काळी माती ओल धरते, साकूर-घारगावच्या पठारावर मुरूम आणि कातळ. एप्रिल-मे मध्ये दोन्हीकडे जमीन सुकते आणि खड्ड्यांत पाणी ओतावं लागतं. ते बरोबर आहे आणि चालू ठेवावं. पण ११ केव्हीचा न्यूट्रल त्याच उपकेंद्रात, त्याच जाळीला जोडलेला असतो. म्हणून पॅनलच्या आत झालेल्या दोषाचा प्रवाह मातीतून फारसा जातच नाही. तो पट्ट्या आणि जाळीच्या धातूतूनच न्यूट्रलला परततो. बाहेर लाइनवरच्या दोषासाठी खड्डा महत्त्वाचा. पॅनलच्या आतल्या माणसाचा जीव मात्र पाकळी, पट्टी, बोल्ट आणि वेल्ड यांच्यावर आहे. खड्ड्याचा विरोध अर्धा ओहम असल्याचा दाखला भिंतीवर टांगलेला असला आणि ट्रॉलीची पाकळी तुटलेली असली, तर त्या दाखल्याचा ब्रेकरसमोर उभ्या असलेल्या ऑपरेटरला काडीचा उपयोग नाही.

कायद्याने ही जबाबदारी नवी नाही. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांपासून २५० व्होल्टपेक्षा जास्त दाबाच्या उपकरणाची चौकट दोन स्वतंत्र जोडण्यांनी अर्थ करायची आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१०च्या विनियमांत हीच अट आली आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३च्या सुरक्षा विनियमांतही अर्थिंगच्या अटी आहेत. विद्युत निरीक्षक पाहणीला आले की बाहेरच्या पट्ट्या मोजतात. ट्रॉली ओढून पाकळी दाखवा, असं त्यांनी म्हणावं आणि आपणही त्यांना आपणहून दाखवावी. अमृतवाहिनी अभियांत्रिकी महाविद्यालयातून आणि आयटीआयमधून विजेचं शिक्षण घेतलेली मुलं दरवर्षी याच कामांवर लागतात. त्यांना पॅनलची सिंगल लाइन आकृती पाठ असते. या पाकळीचा फोटोसुद्धा अनेकांनी पाहिलेला नसतो. प्रात्यक्षिकात एकदा त्यांना गुडघ्यावर बसवून टॉर्चने दाखवली पाहिजे.

तपासणीचं काम शटडाउनमध्ये तासाभराचं. परमिट घ्यायचं, फीडर बंद करून ट्रॉली बाहेर आणायची. पाकळ्या बोटाने दाबून पाहायच्या, स्प्रिंगने परत उसळल्या पाहिजेत. पट्टीवर घासल्याची चमकदार रेघ शोधायची. रेघ सलग आणि मधोमध असेल तर पाकळी नीट बसतेय, एका कडेला असेल तर चॅनल वाकलेत, रेघच नसेल तर संपर्कच होत नाही. पट्टी कोरड्या सुती कापडाने पुसायची, लागेल तिथे वाहक ग्रीसचा बारीक थर द्यायचा. एमरी पेपर वापरू नये, मुलामा निघतो. पट्टीचे बोल्ट टॉर्क रेंचने पुस्तकातल्या आकड्यापर्यंत आवळायचे.

मग ट्रॉली आत सारताना मोजमाप. दोनच्या ऐवजी चार तारांनी मोजणारा मायक्रोओहम मीटर घ्यायचा, एक जोडी ट्रॉलीच्या चौकटीवर आणि दुसरी अर्थ बसवर. कंट्रोलचा प्लग काढलेला हवा, नाहीतर त्या बारीक तारेचा रस्ता मापात मिसळतो. टेस्ट पोझिशनला एक माप, हँडल अर्ध्यावर आणून दुसरं माप. सर्व्हिस पोझिशनचं तिसरं माप बस आणि केबल दोन्ही मेलेली आणि (या पॅनलच्या अर्थ स्विचने नव्हे, तर दुसऱ्या ठिकाणी) अर्थ केलेली असतील तरच घ्यायचं, एरवी नाही. तिन्ही आकडे, तारीख आणि ट्रॉलीचा अनुक्रमांक रजिस्टरमध्ये लिहायचा, कारण ट्रॉल्या एका पॅनलमधून दुसऱ्यात जातात आणि पुढच्या वर्षी तुलना त्याच ट्रॉलीशी, त्याच पॅनलमध्ये करायची असते. आकडा मागच्या वेळेपेक्षा दुप्पट झाला असेल तर मर्यादेच्या आत असला तरी पाकळ्या बदलायच्या. एक संच जास्तीचा मागवून ठेवावा. किंमत फार नसते, पण गाळप चालू असताना तो मिळेपर्यंत फीडर बंद ठेवणं कुणालाच परवडत नाही.